कांदेनवमीनंतरची लसूण

४ जुलै, शुक्रवार. कांदेनवमी

पाहुण्यांचं रजिस्टर मागच्या बाजूने उघडून लिहायला बसले. मे संपला की देवबागात पाहुण्यांचं चिटपाखरू फिरकत नाही. आमच्या दोन्ही खोल्या कुलपात आणि रजिस्टर कोरं. मग चार महिने ते माझं. नाव, गाव, माणसं किती, आले कधी, गेले कधी, या सगळ्या रकान्यांवरून मी बिनधास्त आडवी लिहीत जाते. शेवटचा 'अभिप्राय' तेवढा मोकळा सोडते. माझ्या लिहिण्यावर कोण अभिप्राय देणार?

आज कांद्याची भजी, सोड्यांचं सुकं आणि लसणीची चटणी झाली. हे चार भाकऱ्या जेवले. परवा एकादशीपासून चातुर्मास, म्हणजे आमच्या घरात मासे नाहीत, कांदा नाही, लसूण नाही. मासेमाराच्या घरात असला नेम ऐकून लोक हसतात, पण सतरा वर्षांपूर्वी खाडीच्या तोंडावर होडी उलटली तेव्हा कोणी हसलं नव्हतं. धाकटे भाऊजी शंकर गेले. हे रिकामं पिंप धरून तीन तास पाण्यात होते. तेव्हा देवीला बोलले ते आजवर पाळलं. ह्यांचं म्हणणं, आपला जीव त्या नेमाला बांधलेला आहे. मी कधी वाद घातला नाही. उरलेली लसूण दरवर्षीसारखी पिशवीत घालून समोरच्या अकिलाला देऊन आले. मालवणच्या बाजारात तिच्या घरच्यांचं कांदे-लसणीचंच दुकान आहे, तरी ती माझी पिशवी हसून घेते.

सोमवारी होडी वर ओढताना ह्यांच्या उजव्या पायाच्या तळव्याला कालवाचं शिंपलं लागलं. करंगळीच्या मुळाशी. "बारीकशी चीर आसा गो, उद्या बरी होतली." साखरेमुळे ह्यांच्या पायाला नीट कळत नाही, म्हणून मीच रोज बघते. माझ्या दाढेच्या वेळच्या तीन कॅप्सूल डब्यात उरल्या होत्या, त्या दिल्या. आमच्याकडे औषध वाया जात नाही. दोन दिवसांत बरं वाटलं की उरलेल्या गोळ्या बिस्किटांच्या डब्यात, पुढच्या खेपेला कामाला. पाहुणे विसरून जातात त्यादेखील मी टाकत नाही. अकिला मला डॉक्टरीणबाई म्हणते.

९ जुलै, बुधवार

चीर मिटली नाही. पाणी येतंय. कॅप्सूल संपल्या म्हणून डब्यातली दुसरी पट्टी काढली. एप्रिलमध्ये एक बाई ताप आला म्हणून आणून, दोन खाऊन, इथेच टाकून गेली होती. चार होत्या. दोन दिल्या, बरं वाटलं म्हणाले, म्हणून दोन राखून ठेवल्या.

संध्याकाळी अंग कोमट लागलं. हे म्हणतात पावसाची कणकण.

१४ जुलै, सोमवार. कुडाळ

काल पाय घोट्यापर्यंत लाल झाला आणि माझं धाबं दणाणलं. पहाटे रिक्षा करून कुडाळला आणलं. तिथल्या डॉक्टरीण वयाने आमच्या लेकीएवढ्या, अक्षयाएवढ्या असतील. जखमेत कापसाची काडी फिरवून तपासायला पाठवली. मग लाली जिथे संपते तिथे निळ्या पेनाने पायाभोवती रेघ काढली. "ही रेघ लक्षात ठेवा. लाली हिच्या वर चढली तर मला लगेच सांगायचं."

आतापर्यंत काय काय दिलं, विचारलं. मी डबाच बरोबर नेला होता. एकेक पट्टी काढून सांगितलं, ही तीन दिवस, ही दोन दिवस, ही मागच्या वर्षी खोकल्याला. मला वाटलं, बाई शाबासकी देतील की घरात एवढी तयारी आहे. त्या नुसत्या डब्याकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "हा डबा कोणाकोणासाठी उघडता?" मी म्हटलं, मागेल त्याच्यासाठी.

ह्यांना दाखल करून घेतलं. मी दर तासाला चादर वर करून रेघ बघतेय.

१७ जुलै, गुरुवार

रिपोर्ट आला. एका कागदावर औषधांची लांबलचक यादी आणि प्रत्येकापुढे एक अक्षर. फोटो काढून अक्षयाला पाठवला. ती पुण्याला प्रयोगशाळेत दुधाचे नमुने तपासते, तिला हे कळतं. बऱ्याच वेळाने तिचा फोन आला.

"आई, आर म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देत नाही. एस म्हणजे देतो."

मी मोजलं. चौदा आर. दोन एस.

ती दोन औषधं सुईतूनच द्यायची, आणि मूत्रपिंडाला जड. एक सुरू केलंय. ते चाललं नाही तर दुसरं. दुसरं चाललं नाही तर काय, हे डॉक्टरीणबाईंना विचारायचं मला धाडस झालं नाही. त्यांनी आपणहून सांगितलं ते एवढंच, की जंतू हाडात शिरला तर बोट काढावं लागेल, आणि वर सरकत गेला तर मग बोटावर भागणार नाही.

दुपारी हे झोपले असताना डबा उघडून पट्ट्यांवरची नावं रिपोर्टाशी ताडून बघितली. पाच नावं सापडली. पाचांपुढेही आर.

डब्याचं झाकण लावलं आणि पिशवीत तळाशी ढकललं. त्याबद्दल आता काही विचार करायचा नाही असं ठरवलंय.

१८ जुलै, शुक्रवार. घरी

घरी सोडलं. रोज मालवणला जाऊन सुई घ्यायची, दहा दिवस.

रिक्षात मोबाईलवर एक चित्रफीत आली. काचेची बशी, तिच्यात पांढरट साय धरावी तसे जंतू, मधोमध लसणीच्या रसाचा थेंब. थेंबाभोवती जंतू मरून नितळ गोल तयार झालेला. बोलणारा सांगत होता, जे जंतू कुठल्याच औषधाला ऐकत नाहीत तेही लसणीला ऐकतात. लसूण ठेचायची, दहा मिनिटं ठेवायची, शिजवायची नाही. ती फीत मी सात वेळा बघितली.

अक्षयाला विचारलं, खरं का गो हे? ती म्हणाली, "हो, खरं आहे. आमच्याकडे पण बघितलंय मी. पण आई, बशीत होतं ते..." आणि रेंज गेली. पावसात आमच्याकडे हे नेहमीचंच. खरं आहे म्हणाली ना, मला तेवढं पुरे.

२० जुलै, रविवार

लिहू की नको असं झालंय. पण कुठेतरी सांगितल्याशिवाय राहवणार नाही.

दोन दिवस देवीसमोर हात जोडून विचार केला. ह्यांना विचारलं तर नाहीच म्हणणार. पाय गेला तरी चालेल, बोललेलं मोडायचं नाही, असा माणूस. आणि मला पाय पण हवा, माणूस पण हवा. तेव्हा पाप माझ्या माथी, म्हटलं, आणि अकिलाकडे गेले.

तिने पिशवी पुढे केली, पण सोडेना. "तेंका सांगून दी गो, शर्मिला. चोरून घातलेला औषध लागणा नाय."

"सांगलंय तर ते मरतीत, पण खावचे नाय."

"आणि मागीर कळला तर?"

"मागीर पाय तरी असतलो ना!"

तिच्याच पडवीत बसून सहा पाकळ्या सोलल्या, सालं तिच्याच चुलीत टाकली. ठेचून वाटीत झाकून आणली. आमटी उतरवल्यावर वरून ढवळली आणि वास मरायला दुप्पट हिंग घातला. ह्यांनी पहिला घास घेतला तेव्हा मी डावाने उरलेली आमटी उगाच ढवळत होते. हे क्षणभर थांबले. मग म्हणाले, "आज हिंग जरा जास्त पडलो काय गो?"

"पोटाक बरो," मी म्हटलं.

मुकाट्याने सगळी आमटी प्यायले.

२३ जुलै, बुधवार

लाली रेघेच्या दोन बोटं खाली उतरली! डॉक्टरीणबाईंना फोटो पाठवला, त्यांनीही बरं चाललंय म्हणून कळवलं. मी मनात म्हटलं, बाई, तुम्हाला काय ठाऊक कशाने. सहाच्या बारा पाकळ्या केल्यात. सकाळी नारळाच्या चटणीत, दुपारी आमटीत.

ह्यांना कळलेलं नाही. देवीची कृपा म्हणायची की माझ्या हिंगाची, कोण जाणे. पण आजारपणाने माणूस बदलतो. रविवार संध्याकाळपासून देवापुढचा दिवा मला लावायला सांगतात. "माका उभो रवाक जमणा नाय." देवघराचा उंबराही ओलांडत नाहीत. जेवल्यावर मूठभर बडीशेप मागतात, पूर्वी कधी खात नव्हते. आज भजनातले बाबली बघायला आले तर त्यांना पायरीवरच बसवलं. "तू थंयच बस रे, जखमेचो वास येता." मला तर जखमेचा काही वास येत नाही.

बाबली म्हणाले, एकादशीला भजनाला खांद्यावरून नेतो. ह्यांनी नको म्हटलं. सतरा वर्षांत पहिल्यांदा.

२७ जुलै, रविवार

दुपारी हे झोपलेले. मला वाटलं, पोटातून एवढा गुण, मग थेट जखमेवर किती येईल. ठेचलेली लसूण फडक्यात घालून करंगळीशी बांधली. पंधरा मिनिटांनी सोडली तर कातडी लालबुंद, आणि कडेला पाण्याचे फोड. भाजल्यासारखे.

मी तोंडावर हात दाबला. फोडांनी घाबरले ते घाबरलेच, पण त्याहून जास्त घाबरले ते ह्यांच्याकडे बघून. एवढं भाजलं आणि माणसाने पाय हलवला नाही.

मालवणच्या नर्सने विचारलं तेव्हा शेकताना भाजलं म्हणून सांगितलं. हे माझ्याकडे बघत होते.

आणखी एक. सकाळी दात घासताना ह्यांच्या थुंकीत रक्त होतं. सुई टोचतात तिथे जांभळे डाग पडलेत, पसरलेत. साखर बघायला बोटाला टोचलं की कापूस धरून बसावं लागतं. ही देवी तर नसेल? नेम मोडला म्हणून? मी तिला रोज सांगते, मोडला तो मी मोडला, त्यांना कळतसुद्धा नाही, माझ्या अंगावर काढ काय ते.

३० जुलै, बुधवार

करंगळी काळी पडली. शेजारच्या बोटाचं टोकही.

सुया संपल्या. लसूण आता रोज पुरा गड्डा चाललीय. तरी काळी पडली.

कुडाळला पायाचा एक्स-रे काढला. जंतू हाडात आहे. "दोन बोटं काढू, म्हणजे पाय वाचेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सोमवारी शस्त्रक्रिया. परतताना रिक्षात हे बाहेर बघत होते. कुडाळ मागे पडल्यावर म्हणाले, "दोन बोटां नाय म्हणजे होडयेर उभो रवतलंय मा?"

मी म्हटलं, रवतल्यात. मला काय ठाऊक?

अक्षया शनिवारी येते म्हणाली. तिला म्हटलं, ये.

३ ऑगस्ट, रविवार. इस्पितळ

उजेड कमी आहे, अक्षर वाचता येणार नाही. नाही आलं तरी चालेल.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई आल्या. रक्त काढलेल्या जागेवरचा कापूस उचलला तर अजून ओलं. त्यांनी घड्याळ बघितलं, पुन्हा दाबून धरलं. मग पलंगावर टेकल्या आणि सावकाश विचारलं, "दत्तप्रसाद, रक्त पातळ करायची एखादी गोळी घेता का? झाडपाल्याचं काही? काढा? आलं, लसूण वगैरे जास्त प्रमाणात? रक्त थांबायला वेळ लागतोय. उद्या कापायचंय, म्हणून विचारते. हे फार महत्त्वाचं आहे."

लसूण. त्यांनी त्याच शब्दाने विचारलं.

हे इस्पितळातल्या मराठीत म्हणाले, "डॉक्टर, आमचा चातुर्मास आहे. घरात लसणीचं सालसुद्धा सापडणार नाही तुम्हाला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आणि तुम्ही? काही दिलंत?"

मी मान हलवली. नाही अशी.

त्या गेल्या. हे भिंतीकडे तोंड करून पडले. अक्षया घरी कपडे आणायला गेलीय. मी इथे स्टुलावर बसून हे लिहितेय आणि एकच गोष्ट डोक्यात फिरतेय, की रक्त थांबायला वेळ लागतोय. दातातलं रक्त. जांभळे डाग. देवी नव्हतीच ती. ती मीच.

सांगितलं तर ह्यांना कळणार, की बायकोने पंधरा दिवस नेम मोडला. ह्यांचा जीव ज्याला बांधलेला, ते मी चोरून सोडवलं. तो धक्का घेऊन हे टेबलावर जाणार. नाही सांगितलं तर... उद्या नऊ वाजता नेणार आहेत.

दोन्हीकडून मरण. मी भित्री आहे. सगळ्यांना गोळ्या वाटणारी डॉक्टरीणबाई, आणि एक वाक्य तोंडातून निघत नाही.

४ ऑगस्ट, सोमवार

सांगितलं.

ठरवून नाही. पावणेनऊला ढकलगाडी आली, ह्यांना हिरवा गाऊन घातला, डोक्यावर टोपी. दारापर्यंत गेले. दार उघडलं, आतला थंड वारा अंगावर आला आणि मी गाडीचा दांडा धरला तो सोडेचना. वॉर्डबॉय म्हणाला, काकी, सोडा. मी ओरडलेच, "थांबा! मी त्यांना लसूण घालतेय! रोज एक गड्डा, कच्ची!"

अक्षया म्हणाली, "आई?"

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. मी सगळं सांगितलं, कधीपासून, किती, कशात. पायावर बांधली तेही. ह्यांच्याकडे बघायची हिंमत नव्हती. हे छताकडे बघत होते. फक्त एवढंच म्हणाले, "तिला काही बोलू नका." परक्या माणसांसमोर बायकोची लाज राखायची, हा ह्यांचा स्वभावच.

शस्त्रक्रिया पुढे ढकलली. रक्ताच्या पिशव्यांची सोय होईपर्यंत आणि लसूण अंगातून उतरेपर्यंत थांबायचं. दुसरं एस सुरू केलं. शेवटचं.

नंतर त्यांनी मला खोलीत बोलावलं. वाटलं, आता चामडी सोलतील. पण त्या दमून बोलत होत्या. "बशीतले जंतू लसणीने मरतात, ते खरं आहे. लोक त्यावर अभ्यासही करतायत. पण बशीला साखर नसते, शिरा नसतात, हाड नसतं. पोटातून पायाच्या बोटापर्यंत त्यातलं किती पोचतं, मला ठाऊक नाही. रक्तापर्यंत पोचतं, एवढं दिसतंय."

"मग ती लाली खाली कशी उतरली?"

"त्या दिवसांत सुई चालू होती ना?"

होती. रोज मीच तर घेऊन जात होते. माझ्या मनात ते आलंच नव्हतं.

"लसूण खाण्याला माझी ना नाही," त्या म्हणाल्या. "मला न सांगता खाण्याला आहे."

अक्षया बाहेर बाकावर होती. म्हणाली, "त्या दिवशी मी तेच सांगत होते गो. रेंज गेल्यावर तू परत फोन का नाही केलास?" पुढचं ऐकायचं नव्हतं मला, म्हणून.

६ ऑगस्ट, बुधवार

लाली रेघेवर चढली. डॉक्टरीणबाईंनी वर दुसरी रेघ काढली. दुपारी तिच्याही जवळ.

हे माझ्याशी बोलत नाहीत. म्हणजे पाणी दी, उशी सारख, एवढं बोलतात. नजर देत नाहीत. द्यावी कशी? मी त्यांच्या तोंडात पाप घातलंय.

अकिलाचा फोन आला. आधी पायाचं विचारलं. मग म्हणाली, सुनेचा, कैनातचा, घसा धरलाय, डब्यातली ती पिवळी कॅप्सूल कुठे ठेवलीस? मी एकदम किंचाळले, "हात लाव नको तेका!" ती घाबरली. मी तिला चौदा आर सांगितले. किती कळलं देव जाणे, पण कैनातला डॉक्टरकडे नेते म्हणाली. फोन ठेवल्यावर मोजत बसले, या डब्यातलं मी कोणाकोणाला दिलं. बाबली, त्यांची बायको, दोन्ही बाजूचे शेजारी. मोजता मोजता नावं संपेनात, मग थांबवलं.

८ ऑगस्ट, शुक्रवार. नारळी पौर्णिमा

आज सगळा किनारा दर्याला नारळ द्यायला निघाला असेल. ह्यांचा पहिला मान असतो आमच्या वाडीत. आज बाबली देणार.

ताप एकशे तीन. तिसरं बोटही काळवंडलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता थांबण्यात जास्त धोका. उद्या सकाळी. "दोन बोटांवर भागणार नाही. पुढचा अर्धा पाय."

मी विचारलं, "सोमवारीच झाली असती तर दोनच गेली असती?"

"सोमवारी रक्त थांबलं नसतं तर माणूस गेला असता. तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत."

त्यांनी मला सोडवलं असं वाटलं, पण हिशेब मला येतो. दोन बोटं त्या जंतूने नेली. बाकी पाय माझ्या लसणीने.

९ ऑगस्ट, शनिवार

साडेतीन तास. चार पिशव्या रक्त. आहेत. आहेत. आहेत.

१३ ऑगस्ट, बुधवार

कालपासून ताप नाही. जखम उघडून बघितली तर मांस लाल, स्वच्छ. नवा रिपोर्ट उद्या येईल. तो येईपर्यंत मी काही मागत नाही, कोणाकडेच.

आज दुपारी अक्षया आणि मी खाली चहाला गेलो. साखर लिहायला म्हणून रजिस्टर ह्यांच्या उशाशी ठेवते, पण उठताना पिशवीत घालते; आज ते तसंच राहिलं. आधी कधी राहिलं नव्हतं. वर आले तर हे झोपलेले, रजिस्टर छातीवर पालथं आणि पेन चादरीत.

उचललं. एवढी वर्षं मोकळा सोडलेला अभिप्रायाचा रकाना भरलेला होता. सुई लावलेल्या हाताने लिहिलेलं, वाकडं, बारीक अक्षर.

२० जुलैसमोर: "पहिल्या घासाला समजले. हिंगाखाली लसूण लपत नाही. तीस वर्षे तुझ्या हातचे खातो."

२३ जुलैसमोर: "बडीशेप त्यासाठीच. बाबलीला वास आला असता. देवासमोर त्या तोंडाने कसा जाऊ?"

२७ जुलैसमोर: "मी जागा होतो. भाजले ते खरेच कळले नाही. वास कळला."

३ ऑगस्टसमोर: "खोटे मी बोललो. तुझ्या नावावर घेऊ नको. तुला बोल लागेल म्हणून बोललो. तू पण माझ्यासाठीच मान हलवलीस, माहीत आहे. दोघे मिळून मला मारणार होतो."

४ ऑगस्टसमोर नुसतं: "बरे केलेस."

८ ऑगस्टसमोर: "अर्धा पाय देवीला गेला. मोडलेल्या नेमाचे तिचे माझे मिटले. तू मध्ये पडू नको."

आणि आजच्या तारखेसमोर, जिथे मी अजून काहीच लिहिलं नव्हतं:

"नजर देत नाही म्हणतेस. लाज वाटत होती. सतरा वर्षे लोकांना सांगत आलो, माझा जीव देवीच्या हातात, मला कसली भीती नाही. पहिला घास तोंडात गेला तेव्हा थुंकता आला असता. चौदा आर मी पण मोजले होते. मला फार भीती वाटत होती, शर्मिला. जगायचे होते म्हणून गिळला."

मी स्टुलावर बसून रडले. आवाज झाला असावा, कारण ह्यांनी डोळे उघडले. पहिल्यांदा नीट माझ्याकडे बघितलं.

"वाचलंस?"

मी मान हलवली. हो अशी.

"मगे हयसर ये," म्हणाले, आणि माझा हात धरून ठेवला.